रडीचा डाव, फायटिंग गेम आणि गाऱ्हाणी: तुमचे अनुभव लिहा

पडवीतून (राजापूर)

आषाढातली गोष्ट. दिवसभर लावणी करून कंबर मोडलेली. रात्री जेवून पडवीत टेकन ८ हा फायटिंग गेम लावला. समोरचा कुठला तरी शहरातला होता. पायात मारायची एक लाथ त्याला अडवता येईना, म्हणून मीही दुसरं काही केलं नाही. तीन डाव हरल्यावर त्याचा निरोप आला: ‘एवढंच येतं का? जा, शेती कर.’

हसू आलं, कारण नखांतला चिखल अजून निघाला नव्हता. पण नंतर झोप लागेना. हेच मी स्वतः वर्षानुवर्षं केलंय. टेकन ३ च्या काळात आमच्या गेम पार्लरमध्ये एडी नावाचं पात्र घेणाऱ्याला उभं करत नसत. ‘बटणं बडवतोस, खेळतोस कुठे?’ हे वाक्य माझंच. २०२४ च्या एप्रिलमध्ये एडी टेकन ८ मध्ये परत आला आणि आठवडाभरात तेच वाक्य माझ्या भाच्याच्या तोंडून ऐकलं. त्याला ते कुणी शिकवलं असेल, देव जाणे.

आमच्याकडे गाऱ्हाण्याचे अर्थ दोन. एक म्हणजे तक्रार. दुसरं देवळात घालतात ते, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू होणारं, ज्याच्या प्रत्येक मागणीला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हरलेल्याचं बोलणं मला कायम या दुसऱ्या जातीचं वाटतं. नेटचा लॅग होता. व्हय म्हाराजा. बटण अडकलं. व्हय म्हाराजा. त्याचं कॅरेक्टरच फुकटचं. व्हय म्हाराजा! आणि ग्रुपवर व्हय म्हणायला दहा जण तयारच असतात.

तर लिहा. अटी दोनच. कुणाचं नाव, आयडी, दुकानाचं नाव नको. आणि दुसऱ्याने काय केलं एवढंच नको, आपण काय केलं तेही येऊ द्या.

नाण्याची रांग (रत्नागिरी)

माझा काळ मशीनचा. पत्र्याच्या शेडमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ होतं, एक रुपयाचं नाणं. जिंकला तो उभा, हरला तो रांगेच्या शेवटी. म्हणजे हरणं रोखीचं होतं, त्यामुळे रागही खरा. पकडून आपटणं म्हणजे चीटिंग. कोपऱ्यात दाबणं चीटिंग. खाली बसून वाट बघणं तर महाचीटिंग. हे नियम गेम बनवणाऱ्याचे नव्हते, शेडमधल्या सगळ्यात दांडग्या पोराचे होते. पकडीतून सुटता येतं हे मला पंधरा वर्षांनी यूट्यूबवर कळलं. तोवर मी किती जणांना चोर म्हटलं असेन!

एकदा हरल्यावर मशीनला लाथ घातली. मालकाने कान धरून बाहेर काढलं आणि संध्याकाळी बाबांना सांगितलं, तो हिशेब घरी चुकता झाला. ज्याच्याकडून हरलो तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत नेमका शेजारी. खूप वेळ दोघेही खिडकीबाहेर बघत होतो. पावस येईपर्यंत त्याने शेंगदाण्यांची पुडी पुढे केली होती.

मेल्या मी मालवणी (मालवण)

मी बंदी भोगून आलेला माणूस असंय. आमच्याकडे मित्राला सरळ नावाने हाक मारली तर तो विचारतो, ‘रागावलंस काय रे?’ शिवी लागतेच. गेमवाल्यांच्या एका डिस्कॉर्ड ग्रुपवर सगळी मुंबई, पुणे, बंगळुरूची पोरं. त्यातल्या एकाने एवढासा जीव उरला असताना माझा डाव उलटवला. मी कौतुकाने लिहिलं, ‘आवशीचो घो!’ मॉडरेटरने विचारलं, अर्थ काय? मी प्रामाणिकपणे शब्दाला शब्द सांगितलं: आईचा नवरा. आठ दिवस बाहेर.

मी भांडलो. म्हटलं, अरे आईचा नवरा म्हणजे बापच ना, त्यात वाईट काय! ऐकलं नाय. समोर असता तर त्याने मला एक परत घातली असती आणि फिट्टंफाट झाली असती. तिकडे त्या पोराला वाटलं मी त्याच्या आईवर गेलो. आता फक्त ‘भारी खेळलास’ लिहितो. मजा नाय.

नाव नको (कुडाळ)

माझा अनुभव हसण्यासारखा नाही, आधीच सांगते. मी माइक चालू ठेवून खेळायचे. जिंकले की ‘भाऊ खेळतोय का गं?’ आणि हरले की जे ऐकू यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा एकाला सलग पाच डाव हरवलं. त्याने माझा आयडी धरून इन्स्टाग्राम शोधून काढलं आणि तीन आठवडे रोज रात्री लिहीत होता. आयडीत गावाचं नाव होतं, ते मी त्या रात्री काढलं. ग्रुपवर सांगितलं तर उत्तर आलं, ‘ब्लॉक कर ना, एवढं काय.’ एकाने तर म्हटलं, ‘तू पण चांगलीच धुतलीस त्याला, चिडणारच.’

वरच्या मालवणच्या दादांनी राग मानू नये, पण ‘आमच्यात असंच बोलतात’ हे वाक्य मला प्रत्येक वेळी ऐकवलं गेलंय, आणि दर वेळी बोलणारा वेगळ्या गावचा होता.

अजून खेळते. माइक बंद. नाव एका माशाचं घेतलंय. कुठल्या ते सांगणार नाही.

मेल्या मी मालवणी (मालवण)

ताई, राग कसला. तुमचा बरोबर आसा.

चिऱ्याचं घर (गुहागर)

माझ्यावर पळपुट्याचा शिक्का आहे आणि तो बराचसा खोटा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतात, एक फ्रेम म्हणजे साधारण १६.६७ मिलिसेकंद. टेकनमधला बहुतेकांचा वेगवान ठोसा १० फ्रेमचा. म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत तो लागतो. दोन घरांमधलं अंतर भरून काढायला हल्ली रोलबॅक असतं. समोरच्याचं बटण पोचायच्या आधीच आपलं मशीन अंदाज बांधून खेळ पुढे नेतं, अंदाज चुकला की मागे जाऊन दुरुस्त करतं. नेट एका चालीने येत असेल तर हे कळतही नाही. वाय-फायवर मात्र कधी लवकर कधी उशिरा, मग समोरचा माणूस इथे दिसतो आणि एकदम तिथे उगवतो. स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ दोन्हींत समोरचा वाय-फायवर आहे की तारेवर, त्याचं चिन्ह आधी दिसतं. माझं चिन्ह बघून लोक खेळायलाच नाही म्हणतात. काही जण नाही म्हणून थांबत नाहीत, वर दोन शब्द ऐकवतात.

आता माझं घर जांभ्या चिऱ्याचं. भिंत दीड फूट. राउटर ओटीवर, मी माजघरात. केबल घे म्हणाले, घेतली. माळ्यावरून फिरवून आणली. उंदराने कुरतडली, तीही नेमकी गणपतीच्या दिवसांत, म्हणून आई त्याला मारूही देईना.

आणि लाईट. २०२० च्या जूनमध्ये मी दापोलीला मावशीकडे अडकलो होतो. २ तारखेला रात्री टेकन ७ मध्ये एकाशी पहिला डाव जिंकलो, दुसरा हरत आलो होतो आणि लाईट गेली. दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ. माड आडवे, पोफळी आडव्या, खांब आडवे. वीज यायला कित्येक दिवस लागले. आली तेव्हा फोन चार्ज करून पहिला निरोप उघडला तो त्या गृहस्थांचा: ‘डरपोक, पळालास ना?’ त्याखाली तारीखवार आणखी सहा. मावशीच्या घरावरचे पत्रे गेलेले आणि हा माणूस रोज मला आठवणीने शिव्या घालत होता.

बराचसा खोटा म्हटलं, सगळा नाही. कारण दोनदा मी स्वतः मेन स्विच पाडलाय. एकदा आजी टीव्हीवर मालिका बघत होती, शेवटचा भाग.

बंदीतला खलाशी (हर्णै)

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, आम्ही मोकळे. स्ट्रीट फायटर ६ आला २ जून २०२३ ला, बंदीचा दुसरा दिवस. माझ्या उजव्या हाताचं एक बोट विंचच्या दोरात अर्धं गेलेलं आहे, दुसरं पुरतं वाकत नाही. म्हणून मॉडर्न कंट्रोल, म्हणजे सोपी बटणं लावतो. त्यात एका बटणात स्पेशल फटका निघतो, पण तसा काढलेला फटका २० टक्के कमी लागतो. फुकट काही नाही.

रोज ऐकतो. ऑटोवाला, खोटा खेळाडू, हिंमत असेल तर क्लासिकवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बटणांवर ये. एकाला बोटाचं सांगितलं. म्हणाला, मग खेळू नको. आमच्या तांडेलाने बोट गेल्यावर मला बोटीवरून उतरवलं नाही. हा कोण उतरवणार?

क्लासिकवाला (अलिबाग)

खलाशी दादांना जे म्हटलं ते नीचपणाचं आहे, वादच नाही. पण सगळी तक्रार म्हणजे रडगाणं असं या धाग्यात ठरत चाललंय, ते मला मान्य नाही. वरून उडी मारून येणाऱ्याला एका बटणात खाली पाडणं आणि त्यासाठी तीन दिशा फिरवून बटण मारणं यात फरक आहे, तो बोलायचा नाही का? २०२५ च्या एप्रिलमध्ये टेकन ८ चा दुसरा सीझन, म्हणजे नव्या बदलांचा हप्ता आला. चढाई करणाऱ्यालाच सगळं दान दिलं, बचावाला काही ठेवलं नाही, म्हणून लोक ओरडले. गेम विकणाऱ्या स्टीम साइटवर नापसंतीचा पूर आला आणि कंपनीला दुरुस्त्या कराव्या लागल्या. ते ओरडणं मला बरोबरच वाटलं. गेम बनवणाऱ्या माणसांना घरच्यांवरून शिव्या घालणारेही त्याच गर्दीत होते, तेवढं मात्र नको होतं.

आणि ‘आपल्याकडे सोय नाही म्हणून आपण मागे’ हे गाऱ्हाणं आता बंद करा. लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान ॲश २०१९ मध्ये इव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा जपानमधली आणि अमेरिकेतली, दोन्ही जिंकला. तिकडची पोरं गल्लीतल्या पार्लरमध्ये एकमेकांना हरवत तयार झाली. त्यांच्याकडे काय आपल्यापेक्षा जास्त लाईट होती?

पार्लरवाला (चिपळूण)

मी दुसऱ्या बाजूचा. वीस कंट्रोलर मोडलेले पाहिलेत, मोजून. भांडणाचं खरं कारण गेम नसतो, ‘हरला तो भाडं देणार’ ही पैज असते. तासाला तीस-चाळीस रुपये, पण पोराच्या खिशात तेवढेच असतात. मी पैज बंद केली, भाडं दोघांकडून अर्धं अर्धं आधीच घ्यायला लागलो. निम्मी भांडणं त्या दिवशी मिटली. उरलेल्यांसाठी माठ ठेवलाय. हरलास की आधी पाणी पिऊन ये, मग बोल.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं ते माझ्या डोक्यावरून. चारही प्लेस्टेशन गेले. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला पोरं आली. त्यात दोघे असे होते ज्यांना मी आपटाआपटीबद्दल कायमचं काढलं होतं. घमेली उचलताना काही बोललो नाही. दुकान परत सुरू झालं तेव्हा त्यांना घेतलं. त्यातल्या एकाने पहिल्याच महिन्यात विसावा कंट्रोलर आपटला.

मिठागरवाली (शिरोडा)

हरून चिडलेल्याला इंग्रजीत खारट म्हणतात हे कळल्यावर आम्ही खूप हसलो, कारण १९३० चा मिठाचा सत्याग्रह आमच्या गावचा. आम्ही सहा जणी-जण कॉलेजनंतर एका घरी जमतो. तिथे लोणच्याची रिकामी बरणी ठेवलीय. हरल्यावर कारण सांगितलं की दहा रुपये बरणीत. लाईट गेली तर माफ. कंट्रोलर खरंच बिघडला असेल तर दुसऱ्याने तपासून सांगायचं. बाकी सगळं मीठ. जत्रेत त्या पैशाचं खाजं घेतो. यंदा दोन किलो आलं, त्यातलं सव्वा किलो माझ्या एकटीच्या पैशाचं.

आधी ॲडमिन होतो (सावंतवाडी)

तुम्ही आपण काय केलं ते लिहा म्हणालात, म्हणून.

आमच्या ग्रुपवर एक पोरगा यायचा. नेट भयंकर, खेळ त्याहून वाईट, पण रोज यायचा. मी एका रात्री ओळीने हरत होतो, त्याच्याशीही हरलो. सगळ्यांसमोर त्याला जे बोललो त्यात त्याचं गाव, त्याचं नेट, त्याच्या बापाची ऐपत, सगळं आलं. लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या, मला आणखी जोर आला. तो ग्रुप सोडून गेला. पुढे कळलं, तो नववीत होता.

मी माफी लिहिली. त्याने अंगठा पाठवला, बस. दोन महिन्यांनी खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर एक कंट्रोलर विकायला निघाला, फोटोत मागे दिसणारी भिंत त्याच्या घरची. मी दुसऱ्या नंबरवरून घेतला. अजून खोक्यात आहे. त्याला परत कसा द्यायचा ते सुचत नाही.

पडवीतून (राजापूर)

तसाच घेऊन जा त्याच्या घरी. चहा देतीलच.

नवीन सून (देवगड)

सगळे वाचले. माझा अनुभव नाही, अडचण आहे. नवरा आणि मी दोघंही खेळतो, दोघंही वाय-फायवर शिव्या खातो. चिऱ्याच्या भिंतीतून केबल न्यायला भोक कुणी पाडलंय का? सासरे म्हणतात, घराला भोक पाडायचं नाही.

चिऱ्याचं घर (गुहागर)

भोक नको. वाशांवरून फिरवा, आणि केबल पाईपमधून घाला. उंदीर सासऱ्यांचं ऐकत नाहीत.