टूडी एकोत प्रेशर ६० वरून ४८ आलं, तरी कॅथ काहून?

मानेवाडा_रोड:
आईचं वय ५९. एक जिना चढली की दम लागते, संध्याकाळी पाय सुजतात. मार्चमधल्या टूडी एकोत ‘आरव्हीएसपी ६०’ (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातलं प्रेशर) आलं, पल्मोनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तनळ्यांत प्रेशर जास्त आहे म्हणाले. लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या. आता दुसऱ्या ठिकाणी एको काढला तर ४८. आम्ही खूश, अन् डॉक्टर म्हणतात राइट हार्ट कॅथ करा (हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून प्रेशर मोजायचं), मग औषध ठरवू. बाबांची अँजिओग्राफी झाली तेव्हा हात काळानिळा पडला होता, त्यामुळे ते तयारच होत नाहीत. आकडा उतरून राहिला तर नळी घालायची कशाला? कार्डियाक एमआरआयनं भागणार नाही का?

एको_वाली:
दादा, मी एको टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. दोन्ही रिपोर्टमध्ये ‘टीआर व्हेलॉसिटी’ किती लिहिली ते सांगा. अन् ‘आरएपी’, म्हणजे उजव्या वरच्या कप्प्याचं प्रेशर, किती धरलं तेही.

मानेवाडा_रोड:
पहिल्यात ३.६, आरएपी ८. दुसऱ्यात ३.३५, आरएपी ३.

एको_वाली:
वाटलंच मला. एकोत प्रेशर मोजत नाहीत, काढतात. उजवीकडच्या झडपेतून रक्त मागे गळते, त्याचा वेग, म्हणजेच टीआर व्हेलॉसिटी, डॉपलरवर दिसते. वेगाचा वर्ग गुणिले ४, अधिक उजव्या वरच्या कप्प्याचं अंदाजे प्रेशर. ३.६ चे झाले ५२, त्यात ८ मिळवले की ६०. ३.३५ चे ४५ अन् ३, म्हणजे ४८. आता बघा, बारातले पाच तर त्या अंदाजाचेच गेले. तो अंदाज पोटातल्या मोठ्या शिरेची जाडी बघून धरतात, अन् लघवीच्या गोळीनं ती शीर बारीक होतेच. उरलेले सात प्रोबच्या कोनावरही जाऊ शकतात. गळतीच्या धारेला सरळ रेषेत पकडलं नाही की वेग कमीच दिसते. जाड पेशंट किंवा फुगलेली फुफ्फुसं असली तर आमचीही दमछाक होते. म्हणून डॉक्टर एकट्या आकड्यावर जात नाहीत. उजवा खालचा कप्पा किती फुगला, मधला पडदा डावीकडे दाबला जाऊन सपाट झाला का, टॅप्सी (तो कप्पा आकुंचन पावताना किती हलते ते माप) १७ मिमीच्या खाली आहे का, हे वाचा. माझ्या मते ६० का ४८ या भांडणापेक्षा त्या ओळी महत्त्वाच्या.

एमआरआय उजव्या कप्प्याचं माप आमच्यापेक्षा चांगलं काढते, रेडिएशनही नाही. औषध लागू पडते का हे पुढे बघायला उत्तम. पण श्वास रोखून पडून राहावं लागते, आईंना ते जमते का बघा. अन् प्रेशर थेट तोही मोजत नाही. आजार हृदयाच्या डाव्या बाजूमुळे की फुफ्फुसाच्या नळ्यांमुळे, हे वेज प्रेशरवरून (डाव्या बाजूच्या प्रेशरचा अंदाज) ठरते, अन् ते कॅथमध्येच मिळते. दोन्हीचं औषध वेगळं आहे, म्हणून हट्ट. बाबांना सांगा, ही नळी शिरेतून जाते, धमनीतून नाही. अँजिओसारखं नाही ते.

कामठीकर:
ताईंचं बरोबर. फक्त कॅथच्या आधी व्ही-क्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा अन् रक्त कुठं पोचते ते दाखवणारा) झाला का विचारा. माझ्या काकांना फुफ्फुसात रक्ताच्या जुन्या गुठळ्या होत्या, अन् एकोत त्या काही दिसल्या नाहीत. गुठळ्यांमुळे असलं तर काही जणांचं ऑपरेशन होऊ शकते, गोळ्या हा पहिला मार्ग नसते मग.

सिकल_पालक:
आमच्या पोरीला सिकलसेल आहे, वय १९. तिचा एकोतला गळतीचा वेग २.६ आला. वर ३.६ ची गोष्ट चालली म्हणजे आम्ही निवांत ना?

एको_वाली:
नाही जी. सिकलमध्ये २.५ च्या वर गेलं की लक्ष द्यायचं असते. पण तेवढ्यावरून पल्मोनरी हायपरटेन्शन आहेच असं नाही, रक्त कमी असलं तरी वेग वाढते. हिमोग्लोबिन अन् एनटी-प्रोबीएनपीचा (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट घेऊन हेमॅटॉलॉजीवाल्यांना दाखवा. क्रायसिस (सिकलच्या दुखण्याचा झटका) चालू असताना काढलेला एको असेल तर बरं वाटल्यावर परत काढायला सांगतील.

मानेवाडा_रोड:
ताई, दुसऱ्या रिपोर्टात टॅप्सी १५ लिहिलं आहे. व्ही-क्यू झालाच नाही. सोमवारी दोन्ही विचारतो. बाबांना तुमचं शिरेचं वाचून दाखवलं, म्हणतात हातातून होईल का मानेतून?

एको_वाली:
मानेतूनही करतात, हातातूनही. आईंच्या शिरा बघून ठरवतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगून ठेवा.