मदत हवी आहे: सर्पिल चिपमध्ये दहा मिनिटांनी पांढऱ्या पेशी कर्करोग-पेशींच्या बाजूला येतात

रक्तातल्या पेशी आकारानुसार वेगळ्या करणारी पीडीएमएसची (सिलिकॉन रबराची) सर्पिल चिप आहे. चॅनल ५०० मायक्रोमीटर रुंद, १६० उंच, दोन इनलेट, दोन आउटलेट. बाहेरच्या इनलेटमधून रक्त १०० मायक्रोलिटर/मिनिट, आतल्या इनलेटमधून पीबीएस (फॉस्फेट मिसळलेलं खारं पाणी) ७५० मायक्रोलिटर/मिनिट. निरोगी रक्तात एमसीएफ-७ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तन-कर्करोगाच्या) पेशी मिसळतो. अमोनियम क्लोराइडने तांबड्या पेशी फोडतो, मग उरलेल्या पेशी ०.५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या पीबीएसमध्ये घेतो.

१५ मायक्रोमीटरचे पॉलिस्टायरीन मणी शेवटपर्यंत आतल्या भिंतीलगत एका रेषेत जातात. रक्तालाही सुरुवातीला अडचण नसते. मोठ्या पेशी आत, पांढऱ्या बाहेर. साधारण आठ-दहा मिनिटांनी मात्र पांढऱ्या पेशींचा पट्टा आत सरकतो आणि आतल्या आउटलेटमधून भरभरून येतो. त्या गर्दीत पाच-दहा कर्करोग-पेशी शोधणं अशक्यच.

मण्यांना त्रास नाही, म्हणून पंपावर संशय कमी आहे. फुटलेल्या पांढऱ्या पेशींतल्या डीएनएचे चिकट धागे बाहेरच्या आउटलेटच्या तोंडाशी अडकत असावेत, असं वाटतं. तिथला रोध वाढला की प्रवाहाचा जास्त वाटा आतल्या आउटलेटकडे वळणारच. ४० मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळूनही फरक पडला नाही, कारण धागे लवचिक असतात, निसटतात.

डीएनेज (डीएनए तोडणारं विकर, त्याला मॅग्नेशियम लागतं) वापरणाऱ्यांनी कृपया सांगावं: मात्रा किती, मॅग्नेशियम किती, आणि ईडीटीए (रक्त गोठू न देणारं, पण मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) नळीतलं रक्त असेल तर आधी पेशी किती वेळा धुता? आउटलेटच्या नळ्या दोन्हीकडे समान लांबीच्या ठेवता का?