तीस वर्षांनी तक्रार करून काय मिळणार?

घोडबंदरकर: माझा वर्गमित्र, आज चाळिशीचा. 1997 ला सहावीत होता तेव्हा सुट्टीतल्या शिबिरात एका धर्मगुरूने त्याच्यावर अत्याचार केला. नुसता स्पर्श नव्हे, सगळंच. गेल्या महिन्यात तलावपाळीच्या बाकड्यावर त्याने मला सांगितलं, तेही पाण्याकडे बघत. तो माणूस अजून मुलांचे वर्ग घेतो. माझं म्हणणं, गुन्हा नोंदवावा. पण मुदत गेली असं त्याला कुणीतरी सांगितलंय.

चेंदणीकर: राग मानू नका, व्यवहाराचं बोलतो. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला, आधीच्या गुन्ह्याला तो लागत नाही. वैद्यकीय तपासणी नाही, साक्षीदार नाही. तारखा चालू राहतील, म्हातारा मध्येच जाईल आणि बोभाटा होईल तो तुमच्या मित्राचा. चांगला समुपदेशक गाठा.

नौपाडा वकील: अर्धं बरोबर. पोक्सो नाही, पण तेव्हाच्या दंडविधानात अनैसर्गिक संभोगाचं कलम 377 होतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. मुदतीची आडकाठी तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना. इथे ती नाही. मुलगी असती आणि प्रकार विनयभंगाचा असता, तर कलम 354 ला तेव्हा शिक्षा दोनच वर्षं होती, मग अवघड होतं.

चेंदणीकर: 377 तर 2018 ला सुप्रीम कोर्टाने उडवलं!

नौपाडा वकील: सज्ञानांच्या संमतीपुरतंच. जबरदस्ती आणि लहान मुलं त्यातून कधीच सुटली नव्हती. 1 जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ते कलम नाही हे खरं, पण 1997 चा गुन्हा तेव्हाच्याच कायद्याने चालतो. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र गेला. सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं, म्हणजे एकविसाव्या वर्षीच दार बंद. उशीर का झाला हे कोर्ट विचारणार, त्याचं उत्तर तयार हवं. पुराव्याबद्दल चेंदणीकरांशी सहमत, केस सोपी नाही.

नेरूळची माई: तुम्ही कलमं मोजताय. त्याला ढकलू नका हो, बोलायलाच इतकी वर्षं लागली. पण आज वर्गाला बसणाऱ्या पोरांचं काय? पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे गुन्हा होईल अशी भीती वाटली तरी कळवावं लागतं. 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन घोडबंदरकरांनीच करायचा.

चेंदणीकर: वर्ग घेणं म्हणजे गुन्हा? उद्या निरपराध निघाला तर?

नेरूळची माई: सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, त्याच कलमात आहे. चौकशी होऊ दे की.

घोडबंदरकर: माई, पटतंय, पण त्याने विश्वासाने सांगितलेलं मी परस्पर कसं कळवू? आधी त्यालाच विचारलं. चिडला. दोन दिवस फोन नाही. आज सकाळी मेसेज आला, शिबिराचा ग्रुप फोटो आईच्या कपाटात असेल, रविवारी शोधतो.