ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या: ‘स्वामी’ आधी की ‘राऊ’? आणि तिसरी कुठली?

माहुलीसंगम (सातारा)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात यंदा श्रावणापासून दिवाळीपर्यंत ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या घ्यायचं ठरलंय. पात्रं खरी हवीत, आणि प्रेम हा कथेचा कणा हवा. दोन लढायांच्या मधला विसावा म्हणून घातलेलं प्रेम नको. रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ आणि ना. सं. इनामदारांची बाजीराव-मस्तानीवरची ‘राऊ’ नक्की आहेत. आधी कुठली घ्यावी? तिसरी कुठली? गटात अकरावी-बारावीची मुलंमुलीही आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “यातलं खरं किती?” त्याचं उत्तर ‘कादंबरी आहे, सोडून द्या’ असं द्यायचं नाहीये. जाणकारांनी नीट सांगावं.

तंतुवाद्य (मिरज)

‘स्वामी’ आधी घ्या. इतिहासाच्या क्रमाने बाजीराव आधी येतात हे खरं, पण वाचायला ‘स्वामी’ सोपी. १९६२ ची कादंबरी, तरी भाषा आजही अडत नाही. संवादांवर चालते, आणि गाभ्याला दोनच माणसं आहेत, माधवराव आणि रमाबाई.

मुलांना सुरुवातीलाच एक हिशेब घालून द्या. माधवराव १७६१ साली सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला राजयक्ष्म्याने (क्षयाने) गेले. वय २७. मधल्या अकरा वर्षांत निजाम, हैदर, नागपूरकर भोसले, आणि घरात काका राघोबादादा (रघुनाथराव). मोहीम दसऱ्यानंतर निघायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. म्हणजे या जोडप्याच्या वाट्याला मुख्यतः पावसाळेच आले, तेही सगळे नाहीत. प्रत्येक प्रसंगाच्या कडेला पेन्सिलीने महिना लिहीत गेलात तर देसाईंनी भेटी कुठे बेतल्या आहेत आणि विरह कुठे लांबवला आहे ते लख्ख दिसतं. या कादंबरीची गोडी मला तरी त्या वेळेच्या टंचाईतच वाटते.

नवे वाचक हमखास अडतात ते नावांत. बाजीराव दोन, माधवराव दोन. ‘नाना’ म्हटलं की नानासाहेब पेशवे, नाना फडणवीस आणि १८५७ चे नानासाहेब यांचा गोंधळ उडतो. त्यात घरगुती हाका वेगळ्या: आप्पा म्हणजे चिमाजी, भाऊ म्हणजे त्यांचा मुलगा सदाशिवराव, दादा म्हणजे रघुनाथराव. एका पानावर वंशवेल काढून प्रत्येकाच्या पुस्तकात घालून द्या. एवढं केलं नाही तर तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात निम्मे जण गळतात.

आमच्या बाजूचा धागाही आहे. आळेगावला माधवरावांना काकांपुढे माघार घ्यावी लागली (१७६२), त्यानंतर राघोबादादांनी गोपाळराव पटवर्धनांच्या मिरजेवर चाल केली होती. पटवर्धन दप्तरातली पत्रं मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून खंडाखंडांनी छापली. सगळं वाचायची गरज नाही. माधवरावांच्या काळातला एक खंड जुन्या वाचनालयातून काढा आणि पाच-सहा पत्रं वाचून दाखवा. त्यात फौज आहे, रसद आहे, कर्ज आहे, रुसवेफुगवे आहेत. नवरा-बायकोचं एकांतातलं बोलणं मात्र शोधून सापडत नाही. कादंबरीकाराने भरलेली जागा कुठली, ते तिथे मुलांना आपोआप कळेल.

येरळाकाठ (खटाव)

तंतुवाद्य, नावांचा तक्ता आणि खऱ्यांचे खंड या दोन्ही सूचना उत्तम. क्रमाबद्दल मात्र मुळीच सहमत नाही. ‘राऊ’ आधीच हवी, आणि सातारकरांनी तर हवीच.

इनामदार जन्माने सातारा जिल्ह्यातले, हे सोडा. गोष्टच साताऱ्याची आहे. बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती १७२० साली कराडजवळच्या मसूरला. त्यांचा आणि काशीबाईंचा मुलगा रघुनाथराव, त्याचा जन्म १७३४ चा, माहुलीचा. आणि मस्तानीचा मुलगा शमशेरबहादूर याचंही जन्मसाल १७३४ च. एका वर्षात दोन स्त्रियांच्या पोटी दोन मुलगे. हे साल डोक्यात ठेवून ‘राऊ’ वाचा. काशीबाईंच्या मनाकडे आणखी निराळ्या नजरेने बघाल.

दुसरं, कागद. जानेवारी १७४० मध्ये शाहू महाराजांचे चिटणीस गोविंदराव यांनी साताऱ्याहून बाजीरावांचा थोरला मुलगा नानासाहेब याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मस्तानीला अलग करून अटकेत ठेवावं हा घरच्यांचा बेत महाराजांच्या कानावर घातला गेला होता. महाराजांचं मत पडलं की राऊंचं (बाजीरावांचं) मन दुखावेल असं काही करू नये, ज्याचं त्याला ठरवू द्यावं. एका माणसाच्या प्रेमाचा निवाडा छत्रपतींच्या दरबारी गेला होता! तरीही मस्तानी कैदेत पडली. बाजीराव त्या उन्हाळ्यात नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, पाठोपाठ मस्तानीही वारली. तिची कबर पाबळला आहे. तिचा मृत्यू कसा झाला यावर विष, गिळलेली हिऱ्याची कणी, धक्का अशा कथा आहेत. एकीलाही समकालीन कागदाचा भक्कम आधार नाही.

म्हणून मला ‘राऊ’ प्रेमकादंबरी म्हणून ‘स्वामी’पेक्षा मोठी वाटते. ‘स्वामी’त प्रेमाला विरोध करणारं कोणी नाही, वेळ आणि रोग सोडला तर. ‘राऊ’त आई, भाऊ, मुलगा, पुण्याचा ब्रह्मवृंद सगळे समोर उभे आहेत, आणि त्यातलं कोणीही निव्वळ खलनायक नाही. चिमाजीआप्पांची बाजू वाचताना तीही पटायला लागते. हे साधणं फार अवघड.

दोन सूचना. ‘राऊ’ वरून निघालेला २०१५ चा हिंदी चित्रपट आधी दाखवू नका. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात ते दृश्य एकदा मनात बसलं की पुढे कादंबरीतल्या काशीबाई दिसतच नाहीत. आणि कादंबरी संपल्यावर, आधी नव्हे, द. ग. गोडसे यांचं ‘मस्तानी’ वाचा. ती कादंबरी नाही, शोध आहे. मस्तानीला नर्तकी ठरवणाऱ्या दंतकथा कुठून आल्या आणि छत्रसालांशी तिचं नातं काय, याची छाननी त्यात मिळेल.

वाईची लेक

दोन्ही क्रमांना माझी हरकत नाही, पण ‘स्वामी’बद्दल एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. रमाबाई सती जातात तिथे ती कादंबरी संपते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो शेवट पत्नीप्रेमाचं शिखर म्हणून वाचला गेलाय. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींसमोर हे तसंच ठेवू नका. सती जाणं ही घटना ऐतिहासिक आहे, त्यात देसाईंनी काही घुसडलेलं नाही. मात्र तिच्याभोवतीचं तेज हे कादंबरीकाराचं आहे. शेवटच्या प्रकरणासाठी एक अख्खी बैठक राखून ठेवा आणि मोकळेपणाने बोला. शाहू महाराजांच्या निधनानंतर १७४९ मध्ये साताऱ्यातच त्यांच्या राणी सकवारबाईंना कोणत्या परिस्थितीत सती जावं लागलं, तेही त्याच बैठकीत सांगा. एकीकडे कादंबरीतली रमा, दुसरीकडे राजकारणाने चितेकडे ढकललेली राणी. मुलं स्वतःच विचारायला लागतील.

तिसरी कादंबरी म्हणाल तर इनामदारांचीच ‘शिकस्त’. पानिपतावर (१४ जानेवारी १७६१) सदाशिवरावभाऊ पडले. पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या, त्या जिवंत परत आल्या. भाऊ गेले हे त्यांनी मानलंच नाही, वैधव्य घेतलं नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. बाई १७८३ पर्यंत जगल्या. बावीस वर्षं! यात नायक जवळजवळ गैरहजर आहे आणि तरी ही प्रेमकादंबरी आहे. रमाबाईंनंतर लगेच पार्वतीबाई वाचल्या की नवऱ्यामागे उरलेल्या बाईला त्या काळात कोणते दोन रस्ते होते हे समोर येतं. मला ‘शिकस्त’ तिन्हींत सरस वाटते. ‘राऊ’त घडामोडींची गर्दी इतकी की मस्तानीच्या मनात फार वेळ थांबता येत नाही, ‘शिकस्त’ सतत पार्वतीबाईंच्याच आत राहते.

वाडा म्हणजे काय हे मुलांना पुस्तकातून कळत नाही. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, तिथे एक चक्कर मारा. चौकामागून चौक, अरुंद जिने, कृष्णेच्या घाटाकडे उघडणारी बाजू. कोण कोणाला कुठून दिसतं, आवाज कुठवर जातो, हे तिथे उभं राहून कळतं. मग ‘एकांत’ म्हणजे पेशवाईत किती अवघड गोष्ट होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

मोडीवाचक (सांगली)

“खरं किती?” याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देता येतं.

पहिलं, तारखा. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. पेशवाईतल्या पत्रांत सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘अर्बैन मया व अलफ’ म्हणजे चाळीस, शंभर, हजार: ११४०. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगापासून सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून ११४० म्हणजे १७३९-४०. पत्रातला ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख.

इथे मोठी चूक होते ती अकरा दिवसांची. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदललं. त्याआधीच्या तारखा आपल्या बऱ्याच इतिहासग्रंथांत जुन्या पद्धतीने दिलेल्या असतात. बाजीराव गेले ती तारीख आपण २८ एप्रिल १७४० म्हणतो. तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. आजच्या पद्धतीने तो दिवस ९ मे येतो. २८ एप्रिल ही तारीख आजच्या कॅलेंडरची समजून चंद्र काढला तर तृतीयेची कोर निघते. म्हणजे रावेरखेडीच्या त्या शेवटच्या रात्रींत कोणी काळाकुट्ट अंधार लिहिला असेल तर तो चुकलाय; तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. कुठल्याही कादंबरीत चांदण्यातली भेट आली की तिथी शोधा. मुलांना हा उद्योग फार आवडतो.

दुसरं, जागा. शनिवारवाड्याचा पाया जानेवारी १७३० चा, वास्तुशांत १७३२ ची. आज दिसणारा सगळा तट-दरवाजा तेव्हा पुरा झालेला नव्हता. ते काम नानासाहेबांच्या काळात पूर्ण झालं. हजारी कारंजं सवाई माधवरावांच्या वेळचं. पर्वतीचं देवदेवेश्वर मंदिर १७४९ चं. तेव्हा मस्तानी कारंज्याशी बसून पर्वतीच्या कळसाकडे बघत असेल, तर ते पान कल्पनेचं समजा.

तिसरं, वस्तू. काडेपेटी १८२० च्या दशकानंतरची. चहा पेशव्यांच्या घरात नाही. मिरची चालेल, ती तोवर इथे रुळली होती.

चौथं, बोलणं. मूळ पत्रांची मराठी फारसी शब्दांनी भरलेली, तुटक आणि व्यवहारी आहे. ‘प्राणनाथ’, ‘प्रिये’ असलं संस्कृत वळण विसाव्या शतकाच्या आसपासच्या कादंबरी-नाटकांतून आलंय. या कसोटीवर इनामदार देसाईंपेक्षा उजवे उतरतात. त्यांच्या माणसांच्या तोंडी दप्तराचा वास आहे.

तंतुवाद्य (मिरज)

मोडीवाचक, तारखा-वस्तूंबद्दल मान्य. भाषेबद्दल नाही. पत्रांची भाषा कारकुनाने लिहिलेली असते. शयनघरात माधवराव ‘विज्ञापना ऐसीजे’ म्हणत नव्हते. त्यामुळे देसाईंची मऊ भाषा खोटी ठरत नाही, ती निवड आहे. मुलांना हे सांगायला हवं, नाहीतर ती चुका मोजत बसतील आणि वाचायचं राहून जाईल. तपासणी दुसऱ्या वाचनाला ठेवा.

वाईची लेक

याला दुजोरा. आधी वाचून होऊ दे, मग पंचांग.

माहुलीसंगम (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा ठरवतेय: ‘राऊ’, मग ‘स्वामी’, मग ‘शिकस्त’. काळाचा क्रम सांभाळला जातो आणि ‘स्वामी’च्या शेवटच्या प्रकरणानंतर लगेच पार्वतीबाई येतात. ‘राऊ’ संपली की गोडसे, मग मेणवली. एकच शंका उरली: वंशवेल आधीच दिली तर कोण कधी मरणार हे कळून रस जाईल का?

येरळाकाठ (खटाव)

नाही जाणार. बाजीराव-मस्तानीचं काय झालं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. तरी हवं तर वंशवेलीत फक्त जन्मसालं द्या, मृत्यूची जागा कोरी ठेवा. ज्याच्या वाचनात जे येईल ते त्याने भरावं. आणि शमशेरबहादूरला वेलीत घ्यायला विसरू नका. छापील वंशवेलींतून तो पुष्कळदा गळतो, आणि पानिपतावर लढून गेलेला तोच मुलगा ‘राऊ’ आणि ‘शिकस्त’ला जोडतो.