सर्व्हे नंबर, गट नंबर आणि एकाच शेताची चार क्षेत्रं: क्यूजीआयएसमध्ये माझं काय चुकतंय?

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका)

नमस्कार मंडळी. मी एका साखर कारखान्याच्या शेती विभागात स्लिप बॉय आहे. गावोगावी फिरून ऊस नोंदी घ्यायच्या, हे माझं काम. बी.ए.ला भूगोल होता, पण त्यात जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशे, अर्धंच प्रकरण. सहा महिने झाले, रात्री जेवणं झाली की भावाच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिकायलोय.

का शिकायलोय तेही सांगतो. गेल्या हंगामात माझ्या हातून एक नोंद चुकली. आमच्या गावातल्या एका आण्णांच्या उताऱ्यावर क्षेत्र १.२०.०० होतं, म्हणजे एक एकर वीस गुंठे. मी एक्सेलमध्ये १.२० टाकलं. पुढे टनेजचा अंदाज काढताना ते सव्वा एकराच्याही आतलं धरलं गेलं. साठ गुंठ्यांचे अठ्ठेचाळीस झाले, बारा गुंठ्यांचा ऊस कागदावर उरलाच नाही. तोड लागली तेव्हा अंदाजाएवढ्या तोडीच्या स्लिपा संपल्या, टोळी पुढच्या फडात गेली आणि शेवटच्या सऱ्या तशाच उभ्या राहिल्या. आण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बांधावर नेऊन तेवढा ऊस दाखवला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता अडचण. आण्णांची थोडी जमीन कागल तालुक्यात, महाराष्ट्रात आहे. इकडे सर्व्हे नंबर, तिकडे गट नंबर. मला दोन्हीकडची शेतं एकाच नकाशात हवीत. सुरुवात म्हणून इकडचंच शेत घेतलं, तर त्याची चार क्षेत्रं आली. उताऱ्यावर ६० गुंठे. मोबाइलच्या ॲपवर कडेनं चालत फिरलो तर ६४. उपग्रहाच्या चित्रावर बोटाबोटानं बांध धरून आखलं तर ५८. आणि टेबलात एरिया फंक्शननं काढलं तर ०.००! शिवाय गावनकाशा स्कॅन करून बसवला तो मळ्याकडं नीट बसतो आणि नदीकडं पाऊण शेत सरकतो. कुठला आकडा खरा धरू?

बाराबंदी (कोल्हापूर)

आधी ०.०० चं बघू, ते सगळ्यात सोपं. तुमचा लेयर, म्हणजे नकाशाचा थर, डब्ल्यूजीएस ८४ या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत असणार; तिचा कोड ईपीएसजी ४३२६. त्यात अंतरं अंशात मोजली जातात आणि एरिया फंक्शन लेयरच्याच एककात हिशोब करतं. त्यामुळे उत्तर चौरस अंशात येतं. तुमचे ५८ गुंठे म्हणजे दशांशचिन्हापुढे सहा शून्यं आणि मग पाच. कॉलम दोनच दशांश स्थळांचा असेल तर शून्यच दिसणार.

निपाणी आणि कागल दोन्ही यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतात, ७२ ते ७८ पूर्व रेखांशांच्या. म्हणून दोन्हीकडची शेतं ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे या पट्ट्याच्या कोडमध्ये घ्या. पण इथे नव्या माणसाची हमखास चूक होते, माझीही झाली होती. 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे हीच मोजायची पद्धत) दाबून ३२६४३ निवडू नका. त्यानं फक्त पाटी बदलते, आतले आकडे अंशातलेच राहतात आणि शेत निपाणीतून उठून पार विषुववृत्ताजवळ समुद्रात जाऊन पडतं. 'रीप्रोजेक्ट लेयर' चालवा किंवा एक्सपोर्ट करताना सीआरएस बदला. मग चौरस मीटर मिळतील, त्यांना १०१.१७ नं भागा की गुंठे. यूटीएममुळे जो सूक्ष्म फरक पडतो तो निपाणीला साठ गुंठ्यांत गुंठ्याचा विसावा भागही नाही, त्याची काळजी सोडा.

मोबाइलचे ६४ कसे आले? शेताची लांबी-रुंदी सांगाल का, आणि फिरलात तेव्हा ऊस उभा होता का?

दूधगंगाकाठ

साधारण १८० मीटर लांब, ३२ मीटर रुंद. ऊस ८६०३२ जातीचा, डोक्याच्या वर गेलेला. आतून चालता येईना म्हणून बांधाच्या पलीकडून, शेजाऱ्याच्या सरीतून फिरलो.

बाराबंदी (कोल्हापूर)

मग उत्तर तुमच्या पायातच आहे. १८० गुणिले ३२ म्हणजे ५७६० चौरस मीटर, जवळजवळ ५७ गुंठे. या पट्टीचा घेर ४२४ मीटर. तुम्ही चारही बाजूंनी सरासरी पावणेदोन मीटर बाहेरून चाललात तर तेवढ्यानंच सात गुंठे वाढतात. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे असतोच, उसाच्या भिंतीशेजारी आणखी. शेत चौकोनी असतं तर फटका कमी बसला असता. आपल्याकडच्या लांबट पट्ट्यांत कड जास्त आणि पोट कमी, म्हणून चूक मोठी दिसते. ऊस तुटल्यावर परत फिरा, बांधाच्या आतल्या कडेनं. कोपऱ्यावर अर्धा मिनिट थांबा, मग पॉइंट घ्या.

मोजणीदार_निवृत्त (कागल)

पोरा, तुझी कळकळ आवडली म्हणून लिहितो. भूमापनात माझी नोकरी गेली.

तू १.२० ला फसलास, पण तुझ्या पुढ्यात याहून मोठा खड्डा आहे. तुमच्या उताऱ्यावर १.२०.०० म्हणजे एकर, गुंठे, आणे. आमच्या सातबाऱ्यावर १.२०.०० म्हणजे हेक्टर, आर, चौरस मीटर. लिहायची धाटणी तीच, जमीन वेगळी! तुमच्याकडचे ते साठ गुंठे. आमच्याकडचे एकशेवीस आर, म्हणजे ११८ गुंठ्यांच्या वर, तीन एकराला दीड गुंठा कमी. दोन्ही एकाच कॉलममध्ये टाकलेस तर आण्णांची अलीकडची जमीन अर्धी होईल. आणि ०.४०.०० असली तर चूक ध्यानातही येणार नाही, कारण चाळीस आर आणि चाळीस गुंठे यांत अर्ध्या गुंठ्याचाच फरक. आमच्याकडे लोक आरलाही सर्रास गुंठाच म्हणतात, त्यामुळे तोंडी सांगितलेलं क्षेत्र कधी घेऊ नकोस.

जुनं माप दोन्हीकडे एकच होतं. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. निपाणी १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेली आणि तिथं एकर-गुंठे टिकले. आमच्याकडे पुढे दशमान आलं, गट आले.

आता ६० आणि ५८. उताऱ्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, किती आहे बघ. ६० हे एकूण क्षेत्र, त्यात बांध, पाट, नाल्याची कड सगळं आलं. तू चित्रावर पीक आखलंस. नोंदीला तुला लागवडीचंच क्षेत्र हवं ना? मग दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मात्र हद्दीचा वाद कोणी काढला तर तुझा नकाशा पुढे करू नकोस. त्याला टिपण काढून सरकारी मोजणीच लागते.

गावनकाशा बसवताना नदीचा काठ धरला होतास का?

दूधगंगाकाठ

हो काका, नदीच्या वळणाचे तीन पॉइंट धरले होते. पोटखराबा ३ गुंठे आहे, आत्ता उतारा काढून बघितला.

मोजणीदार_निवृत्त (कागल)

तिथंच घात झाला. नकाशा जुन्या मोजणीचा, काठ आजचा. २०१९ च्या पुरात काठ किती ढासळले ते तूच बघितलं असशील. हलत नाही ते धर: तीन गावांच्या शिवेचा दगड, बांधीव विहीर, देऊळ, जुन्या रस्त्यांची तिकटी.

नकाशावाली (बेळगाव)

काकांचं बरोबर आहे. त्यात माझी भर: जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवायच्या साधनात, थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत निवडली असशील तर ती काढ. ती प्रत्येक पॉइंटला नकाशा ओढूनताणून चिकटवते, त्यामुळे चूक झाकली जाते आणि मधली शेतं वाकडी होतात. 'पॉलिनॉमियल १' घे, आठ-दहा पॉइंट गावभर पसरून घे आणि टेबलात प्रत्येकाचा रेसिड्युअल, म्हणजे तो जागेपासून किती सरकला ते, बघ. ज्याचा आकडा फुगलेला तो पॉइंट शेतावर जाऊन तपास.

मी शिकले तेव्हा मला नकाशापेक्षा टेबलानं जास्त रडवलं. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल प्रकारात कॉलमचं नाव दहा बाइटांत बसावं लागतं आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं. 'शेतकरी' लिहिलं तर शेपूट तुटतं. एन्कोडिंग चुकलं तर आतली नावंही प्रश्नचिन्हं होतात. म्हणून पहिल्यापासून जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार वापर. सर्व्हे नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेव, नाहीतर एक्सेल १२/३ ची तारीख करून टाकतं. माझ्या एका गावात अशा चाळीसभर तारखा निघाल्या होत्या. सर्व्हे नंबर प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात, तेव्हा गावाचा कोड, सर्व्हे नंबर आणि हिस्सा जोडून एक ओळख बनव. क्षेत्राला तीन कॉलम कर: कागदावर आहे तसं, एकक कुठलं ते, आणि चौरस मीटर. मूळ आकडा कधीही खोडायचा नाही.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, ऊस कुठे उभा आणि कुठे तुटला ते त्यात छान कळतं. पण त्याचा पिक्सेल दहा मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. तुझ्या ३२ मीटरच्या पट्टीत आडवे तीनच पिक्सेल बसतात, त्यावर हद्द आखू नकोस. शिकायला उज्ज्वल गांधी यांची क्यूजीआयएस ट्यूटोरियल्स क्रमानं कर, आणि डेहराडूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्स विनामूल्य असतात.

दूधगंगाकाठ

काका, ताई, दादा, पंधरा दिवसांनी लिहितोय. ऊस तुटला, परवा सकाळी आतल्या कडेनं फिरलो. ५७ गुंठे आणि थोडं वर! ६० वजा पोटखराबा ३, तेवढंच. मी बांधावरच बसून राहिलो थोडा वेळ.

नकाशा नऊ पॉइंटांवर बसवला, नदीकडचा सरकलेला भाग जागेवर आला. मग कारखान्यानं माझ्याकडं दिलेल्या भागातल्या सगळ्या नोंदी उताऱ्याशी ताडल्या. १८६ पैकी ११ ठिकाणी गुंठ्यांचे दशांश झालेले सापडले, दोन ठिकाणी आरचे गुंठे. यादी करून साहेबांना दिली आणि त्या तेराही शेतकऱ्यांना घरी जाऊन सांगितलं.

काल आण्णांना नकाशा छापून दिला, दोन्हीकडची जमीन एका कागदावर. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हिर कुठाय रं?" त्यांच्या वडिलांनी पाडलेली विहीर. तीच मी नकाशा बसवायला धरली होती, पण लेयरमध्ये टाकायची राहिली. आज संध्याकाळी टाकतोय, मग कागद परत नेऊन देतो.