इत्सुकुशिमा: आधी भरती-ओहोटी बघा

हिरोशिमाहून जाऊन इत्सुकुशिमा, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या देवळाचं जपानी बेट, दोन तासांत बघून उरकेल का, असा प्रश्न पडतो. उरकेल, पण ते दोन तास कुठले यावर सगळं आहे. बेटासमोरच्या मियाजिमागुची बंदराहून फेरीबोटीला 10 मिनिटं लागतात. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) फेरीबोटीत जेआर पास चालतो, बेटावर येण्याचा 100 येनचा कर मात्र वेगळा भरावा लागतो.

निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक काढा. पाणी 250 सेंटिमीटरच्या वर असलं की देऊळ तरंगल्यासारखं दिसतं. 100च्या खाली उतरलं की तोरीपर्यंत, म्हणजे देवळासमोर पाण्यात उभ्या असलेल्या कमानीपर्यंत, चालत जाता येतं. मधल्या वेळी गेलात तर ना धड पाणी, ना वाट. भरती ते ओहोटी साधारण सहा तास, म्हणजे दोन्ही हवं तर अख्खा दिवस ठेवा.

ओहोटीला तोरीचा पाया जरूर बघा. ही तोरी 1875ची, मुख्य खांब कापराच्या झाडाचे, आणि ते खोल पुरलेले नाहीत! माथ्यावरची तुळई पोकळ आहे, आत सुमारे 7 टन दगड. त्या वजनावर ती उभी आहे. खांबाच्या भेगांत नाणी खोचू नका, लाकूड खराब होतं. देवळाच्या फळ्यांमधल्या फटी मुद्दाम ठेवलेल्या आहेत: उधाणाचं पाणी त्यांतून वर येतं आणि खालचा दाब कमी होतो.

आणि तिकीट, नकाशा खिशात ठेवा. हरणं कागद खातात.