खर्च-परिणामकारकतेच्या मॉडेलमधील अनिश्चितता कशी मांडावी?

प्रश्न: सरकारी आरोग्यसेवेत कोणती औषधे घ्यावीत याची शिफारस करणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या पद्धतीने एका कर्करोगाच्या औषधाचे खर्च आणि लाभ यांची तुलना करणारे मॉडेल मी बांधले आहे. एकेक घटक २० टक्क्यांनी वर-खाली करून पाहिला, तरी निष्कर्ष बदलत नाही. एवढे पुरेसे मानावे का?

पहिले उत्तर: नाही. २० टक्के हा आकडा पुराव्यातून आलेला नसून सोयीने घेतलेला असतो. संभाव्यतांना बीटा (० ते १ मधील मूल्यांसाठीचे) आणि खर्चाला गॅमा (ऋण नसलेल्या मूल्यांसाठीचे) हे संख्याशास्त्रीय वितरण देऊन सर्व घटक एकाच वेळी हजारो वेळा बदलावेत, आणि नाइसने अनेक वर्षे वापरलेल्या २०,००० ते ३०,००० पौंड प्रति क्वाली (पूर्ण आरोग्यातील आयुष्याच्या एका वर्षाइतका लाभ) या मर्यादेत औषध किफायतशीर ठरण्याची शक्यता किती, हे आलेखातून दाखवावे.

दुसरे उत्तर: सहमत आहे, मात्र खरी जोखीम मॉडेलच्या रचनेत असते. औषधाची रुग्णांवरील चाचणी काही वर्षांत संपते आणि आपण आयुष्यभराचा लाभ मोजतो. रुग्ण किती काळ जगतात हे दाखवणारे वायबुल आणि लॉग-नॉर्मल हे दोन्ही वक्र उपलब्ध आकडेवारीला सारखेच जुळू शकतात, पण चाचणीनंतरच्या काळाचे अंदाज खूप वेगळे देतात. हे पर्याय स्वतंत्रपणे दाखवावेत, नाहीतर आलेख नको तेवढा विश्वास देतो.

प्रश्नकर्ता: मग आणखी संशोधन करावे की नाही, हे कसे ठरवावे?

पहिले उत्तर देणारे: सर्व संभाव्य रुग्णांसाठी परिपूर्ण माहितीचे अपेक्षित मूल्य, म्हणजे सर्व अनिश्चितता दूर झाल्यास निर्णयात सरासरी किती फायदा होईल ते, काढावे. ते संशोधनाच्या खर्चाहून कमी भरले, तर नवी चाचणी परवडणारी नाही.